काळ्या फडक्याखालची संध्याकाळ

मी दिवसा रात्र शूट करत होतो, आणि खरी संध्याकाळ झाली ते मला कळलं नाही. चूक एवढीच. पण त्या वेळी आमची नटी उसात एकटी होती आणि तिच्या मागे बिबट्या होता, म्हणून ती लिहावी लागतेय. नाहीतर याहून ढोबळ चुका मी लग्नांच्या शूटिंगमध्ये केल्यात आणि त्या लोकांच्या अल्बमात सुखाने नांदतायत.

कॅमेरामनला उजेड कळतो, अशी लोकांची समजूत असते. त्या दिवसापर्यंत माझीही होती.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी नंदुरबारचा. मला सगळे नाना म्हणतात. लग्न, साखरपुडा, निवडणुकीची मिरवणूक, जे येईल ते शूट करतो. माझा मित्र हेमंत तळोद्याला कॉलेजात शिकवतो आणि त्याला सस्पेन्स सिनेमा काढायचा होता. स्टुडिओ नाही, निर्माता नाही, ओळखीपाळखीवर जमवलेलं सामान. अशा सिनेमाला इंडिपेंडंट म्हणतात. म्हणजे चुकलं तर विचारायला कोणी नसतं. दिग्दर्शक हेमंत, आणि माणसं कमी म्हणून कानाला हेडफोन लावून साउंडही तोच घ्यायचा. कॅमेरा माझा. माझ्या शेजारी प्रशांत ऊर्फ पश्या. माझ्याबरोबर लग्नं शूट करता करता त्याचे केस पांढरे झालेत. सिनेमात तो फोकस पुलर होता. नट पुढे-मागे हलला की लेन्सची रिंग तेवढीच फिरवून चेहरा स्पष्ट ठेवायचा, हे फोकस पुलरचं काम. चेहरा स्पष्ट राहिला तर तो कोणाला आठवत नाही. पुसट झाला की सगळ्यांना आठवतो.

नटी म्हणजे नाझनीन. नंदुरबारात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, नाट्यस्पर्धांत कामं केलेली. तिचे वडील सलीमचाचा शिंपी. सिनेमाचे कपडे त्यांनीच शिवले. नाझनीनच्या एकाच ड्रेसचे तीन नग: एक स्वच्छ, एक मळका, एक फाटका. सिनेमात सीन उलटसुलट क्रमाने शूट होतात, त्यामुळे चिखलाचा डाग जिथे हवा तिथेच हजर लागतो. मुलगी शूटिंगला जाईल तर आपणही जाणार, अशी चाचांची अट होती. ते सुई-दोरा घेऊन आंब्याखाली बसायचे आणि आमच्याकडे चष्म्यावरून बघायचे.

सिनेमाची गोष्ट साधी. एका बाईचा भाऊ उसाच्या शेतातून नाहीसा होतो. ती त्याला शोधायला रात्री त्याच उसात शिरते. मागे कोणीतरी आहे. कोण आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही. हेमंत म्हणायचा, "नाना, जे दिसत नाही त्याची भीती वाटते. तुझं काम न दाखवणं हे आहे." मी मनात म्हणायचो, मग मला कशाला बोलावलंस.

शेत मिळालं प्रकाशा या गावाजवळ. मालक आबा. तापीकाठची बागायती, आवाज मोठा, आणि सिनेमात आपला नवा ट्रॅक्टर एकदा तरी दिसला पाहिजे हा हट्ट. ट्रॅक्टरचं आम्ही कबूल केलं. मग त्यांनी त्यांची अट सांगितली.

"वाघ शे आठे," आबा अहिराणीत म्हणाले, म्हणजे इथे वाघ आहे. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. "मागला आठवडामा शेजारना वासरू उचली ली गया. दिनना काय करानं ते करा. गुरं गावकडे वळनात का तुम्ही बाहेर. मी परत सांगाव नही."

त्यांनी परत सांगितलं. पुष्कळदा सांगितलं. ते पुढे येईलच.

त्या भागात उसात काम करणारे लोक गप्प राहत नाहीत. ही तिथली रीतच झालीय. बाया मोठ्याने बोलत निंदणी करतात, गडी मोबाइलवर गाणी लावून ठेवतात, आणि बांधावर एक रिकामा तेलाचा डबा असतो. जो जवळून जाईल तो काठीने त्यावर चार टोले हाणतो. वाघाला कळलं पाहिजे की माणूस आहे. कळलं की तो आपण होऊन बाजूला होतो.

आणि आमचा धंदा काय? आमचा पहिला शब्द "सायलेन्स".

पहिल्याच टेकला हेमंत उसातून बाहेर आला. "आबा, तो डबा थांबवा. मला पाचट करकरल्याचा आवाज पाहिजे. तिचा श्वास पाहिजे."

"डबा बंद करी वाघले जेवाले बलावस का भो?"

शेवटी तडजोड झाली. टेकच्या आधी डबा, टेक झाला की डबा. मध्ये शांतता. हे ठीक होतं. जोवर टेक छोटे होते तोवर ठीक होतं.

दुपारी आबांच्या घरून कळण्याची भाकरी आणि भरीत आलं. घेऊन आबांची बायको, म्हणजे काकू, स्वतः आल्या. नाझनीन पाचटावर उकिडवी बसून खात होती. काकूंनी तिला हाताला धरून उठवलं आणि खाटेवर बसवलं.

"पोरी, उसमा अशी बसू नको व माय. बसेल माणूस त्याले शेळीसारखा दखास. कदी समोर उना तर उभी ऱ्हाय. पळू नको. पाठ दावू नको. हात वर कर आनि मोठा आवाजमा बोल."

"काय बोलू काकू?"

"काय बी बोल. त्याले कोठे मराठी समजस."

नाझनीन हसली. मी जास्त हसलो. मी म्हटलं, "काकू, या सीनमध्ये तिला बसायचंच आहे. सीनच तो आहे." काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी भरीत अजून वाढून घेतलं.

आता दिवसा रात्र कशी करतात ते सांगतो. खरं तर दिवे आणि जनरेटर आणून रात्रीच शूट करायचं असतं. पण सारंगखेड्याची यात्रा लागलेली. जनरेटरवाला तिकडे घोड्यांच्या बाजारात पाळण्यांना वीज पुरवत होता. शिवाय वाघ. म्हणून आम्ही डे फॉर नाइट करायचं ठरवलं. म्हणजे उन्हात शूट करायचं, पण चित्र मुद्दाम काळपट ठेवायचं, रंग निळसर करायचा, आणि आकाश फ्रेममध्ये येऊ द्यायचं नाही. सूर्य पाठीमागून घ्यायचा. तो पानांच्या कडांवर चमकला की चांदणं वाटतं. उंच उसात हे झकास जमतं, कारण आकाश आपोआप झाकलं जातं. लेन्सपुढे एनडी नावाच्या काळ्या काचा लावायच्या. कॅमेऱ्याला गॉगल घातल्यासारखं. मॉनिटरवर बघाल तर अमावास्या. बाहेर बघाल तर घाम.

अडचण एकच. उन्हात तो काळा मॉनिटर दिसत नाही. त्यासाठी मी डोक्यावरून काळं जाड फडकं घेतो, मॉनिटरसकट. जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर घ्यायचे तसं. आत मी, मॉनिटर आणि माझी रात्र. बसायला काहीतरी पाहिजे होतं. बांधावर एक उलटा डबा दिसला. तो मी ओढून घेतला.

हो. तोच डबा. पण ते तेव्हा कोणी बघितलं नाही, आणि मला डबा म्हणजे डबा. टेक लांबत गेले तसं मध्ये टोले द्यायचं सगळेच विसरले.

शॉट असा होता. सरीच्या लांबच्या टोकाला आम्ही जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली होती. नाझनीनने तिथे बसून राहायचं. हेमंतने हात केला की दोन्ही हातांवर रांगत कॅमेऱ्याकडे यायचं. अलीकडे लाल पट्टी होती. तिथे थांबायचं, गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, आणि मागे काहीतरी आहे असं वाटून श्वास रोखायचा. पट्ट्यांना मार्क म्हणतात. पश्याने लाल मार्कचं अंतर टेपने मोजून फोकसच्या रिंगवर खूण केली होती. नाझनीनच्या कमीजमध्ये छोटा माइक होता. तिचा श्वास हेमंतच्या कानात यायचा. हेमंतचं बोलणं मात्र तिच्या कानात जायचं नाही. तिला ऐकवायचं तर ओरडावं लागे.

आणि कॅमेऱ्यावर मी एक छोटा एलईडी दिवा लावला होता. लग्नातली सवय. त्याने नवरीच्या डोळ्यात चमक येते. उन्हात त्याचा काही उपयोग होत नव्हता, पण काढायचा कंटाळा.

पहिले टेक बरे गेले. मग फोकस चुकायला लागला.

"सॉफ्ट आहे," मी फडक्यातून म्हणायचो. सॉफ्ट म्हणजे पुसट. "परत."

पश्या कुरकुरला. "नाना, मार्जिनच नाही राहिलं. जरा हलली की जाते."

"मग नीट धर ना."

आता बघा काय होत होतं. ऊन उतरत होतं. माझ्या मॉनिटरवर चित्र जास्त काळं व्हायला लागलं की मी म्हणायचो, "एक एनडी काढ." पश्या काढायचा. रात्र परत होती तशी. पुन्हा काळं झालं की, "अजून एक काढ." काचा संपल्या, तेव्हा म्हटलं, "आयरिस उघड." आयरिस म्हणजे लेन्सची बाहुली. ती जितकी उघडी, तितका उजेड आत येतो, पण फोकसची जागा तितकी अरुंद होते. माणूस वीतभर हलला की पुसट. पुसट झाला की मी परत टेक घ्यायचो. परत घेईपर्यंत उजेड आणखी कमी. मग आणखी आयरिस. मी स्वतःच्या हाताने संध्याकाळ पुसत होतो आणि पश्याला शिव्या देत होतो.

मधेच पानांवरचं चांदणं गेलं. मी म्हटलं, ढग आला असेल. डिसेंबरात, खानदेशात, ढग.

फडक्याबाहेरून सलीमचाचांचा आवाज आला. "नानाभाई, मैं नमाज पढ़ के आता. बच्ची आप के हवाले."

"हो चाचा, निवांत," मी म्हटलं. मगरिबची नमाज सूर्य बुडाल्यावर असते हे मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या गल्लीत निम्मी घरं मुसलमानांची. पण मी त्या वेळी गल्लीत नव्हतो. मी मॉनिटरमध्ये होतो.

मग घंटांचा आवाज आला. गुरं गावाकडे चालली होती. हेमंत म्हणाला, "थांबा, आवाज जाऊ दे." गुरं गेली. आबांची वाट बघणं संपलं.

"आते बस. काढा पोरले बाहेर."

"शेवटचा टेक, आबा," हेमंत म्हणाला.

"मघाशी बी शेवटनाच व्हता."

"आबा, हा झाला की तुमचा ट्रॅक्टर," मी आतून म्हटलं.

हे मी म्हणायला नको होतं. आबा पाघळले. माणूस शहाणा असला तरी ट्रॅक्टर नवा होता. "बिगी करा," ते म्हणाले आणि डब्यावर टोले द्यायला काठी घेऊन बांधावर गेले. डबा सापडेना. शांतता लागणार होती, म्हणून हेमंतने त्यांना हातानेच खूण केली, राहू द्या. नाझनीन तेव्हा लांब पिवळ्या पट्टीवर बसली होती. एकटी, खाली वाकून, हाताची घडी घालून. तिने ओरडून विचारलं, "सर, अंधार नाही का झालाय?"

हेमंतने मला विचारलं, "नाना, उजेड आहे ना?"

मी मॉनिटर बघितला. दुपारपासून होतं तसंच चित्र. निळसर, काळपट, सुंदर.

"भरपूर," मी म्हटलं.

टेक सुरू झाला.

मी तुम्हाला मॉनिटरवर जे दिसलं ते सांगतो, कारण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. उसाच्या दोन काळ्या भिंती, मध्ये सरी, आणि त्यात ती रांगत येतेय. तिचे डोळे चमकले. मी खूश झालो. दिवसभर न आलेली चमक शेवटी आली होती. माझा एलईडी काम करत होता. का करत होता, हा प्रश्न डोक्याला शिवला नाही.

मग तिच्या मागे अजून दोन चमकले.

हिरवट. शेजारी शेजारी. तिच्या खांद्याच्या जरा वर. मी लांबचं जवळ दाखवणारी टेली लेन्स लावली होती. अशी लेन्स मधलं अंतर खाते. मागची वस्तू पुढच्या माणसाला चिकटलेली दिसते. त्यामुळे ते दोन ठिपके तिच्या पाठीवर बसल्यासारखे दिसत होते.

"पश्या," मी दबक्या आवाजात म्हटलं, "मागे दिवे कोणी ठेवलेत?"

"कुठले दिवे?"

"ते मागचे दोन. फ्रेम खराब होतेय. बंद करायला सांग."

नंतर कळलं की पश्याने रिंगवरून हात काढून घेतला होता. त्याला ते दिवे मॉनिटरशिवाय दिसत होते.

नाझनीन थांबली. लाल पट्टीला पोचायच्या पुष्कळ आधी, जिथे थांबायचं नव्हतं तिथे. तिचा श्वास हेमंतला ऐकू येत होता. तो नंतर म्हणाला की आधी त्याला वाटलं, काय काम करतेय. मग त्या श्वासाच्या मागून दुसरा आवाज आला. जाड, सावकाश, नाकातून हवा सोडल्यासारखा. माइक तिच्या छातीवर होता. म्हणजे तो आवाज तिथवर पोचत होता.

आणि नाझनीन उभी राहिली.

फ्रेममध्ये तिचं डोकंच कापलं गेलं. नुसतं पोट आणि फाटका कमीज. मी फडक्याच्या आतून ओरडलो.

"बस! नाझनीन, खाली बस! फ्रेमबाहेर गेलीस!"

ती बसली नाही. ती हळूहळू वळली आणि कॅमेऱ्याला पाठ केली.

"पाठ नको, अगं! इकडे बघ! बस खाली!"

सगळ्या शेतात तेवढा एकच माणूस बोलत होता, आणि तो तिला बस म्हणत होता.

कोणीतरी माझ्या डोक्यावरचं फडकं खसकन ओढलं. हेमंत होता. आणि मला बाहेरचं दिसलं. म्हणजे काहीच दिसलं नाही. मी ऊन सोडून आत गेलो होतो आणि आता ऊस नुसता काळा होता. आकाशात थोडी राखाडी उरली होती, तीही वरवर. कॅमेऱ्यावरच्या माझ्या त्या टिचभर दिव्याचा पट्टा सरीत गेला होता. पट्ट्याच्या टोकाला नाझनीनची पाठ. त्याच्या पलीकडे ते दोन ठिपके. ते हलत नव्हते. मग एकदा मिटले आणि परत उघडले.

पायांना उठ म्हटलं तर ते उठेनात. भीतीत माणूस पळतो म्हणतात. मी तर बसूनच राहिलो.

तेवढ्यात उसातून आवाज आला. क्लासमधल्या मुलांना दम देतात तो.

"ए. चल. निघ इथून." तिचे दोन्ही हात वर गेले होते. "काय काम आहे तुझं इथं? जा म्हटलं ना. हट. जा घरी."

आवाज कापत होता, पण मोठा होता. हात वर तसेच. ती एक पाऊल मागे आली. थांबली. "मी बघतेय तुला. जा."

ठिपके जरा खाली गेले. बिबट्या खाली दबला की दूर झाला, ते मला आजही सांगता येत नाही. त्या एका क्षणाची भीती मला अजून येते, जेवताना, गाडी चालवताना, कधीही. दबला असता तर काय, एवढंच डोक्यात येतं. आणि मग माझाच आवाज ऐकू येतो, "बस."

मागून आबा धावत आले. "डबा! कोठे शे मन्हा डबा?"

पश्याने माझ्याकडे बोट केलं.

"ऊठ रे, भो!"

मी उठलो नाही. आबांनी मला खांद्याने ढकललं, मी मॉनिटरच्या वायरीत आडवा झालो, आणि त्यांनी माझ्या खालचा डबा ओढून त्यावर असा टोला हाणला की माझे दात वाजले. मग दुसरा, तिसरा. हेमंतने हेडफोन फेकले आणि ओरडायला लागला. दिवसभर सायलेन्स म्हणणारा तो माणूस जे सुचेल ते ओरडत होता. पश्याने आमच्या जीपचा हॉर्न दाबून धरला. आबा डबा बडवत, शिव्या देत, सरळ सरीत घुसले. त्यांच्या मागे हेमंत. त्यांच्या मागे मी, हातात काहीतरी असावं म्हणून लेन्सची टोपी घेऊन.

ठिपके गेले होते. बाजूचा ऊस करकरत लांब गेला आणि मग शांत झाला. ती शांतता जास्त वाईट होती.

नाझनीन हात वर करून उभीच होती. आबांनी तिचे हात खाली आणले. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. बांधावर पोचल्यावर बसणार होती, आबा म्हणाले, "आठे नको. जीपमा." ती जीपमध्ये बसली. हॉर्न ऐकून धावत आलेल्या काकूंनी पाणी दिलं तर ते अर्धं ड्रेसवर सांडलं.

मी म्हटलं, "नाझनीन, मला वाटलं..."

"नाना," ती म्हणाली, "आत्ता नको."

सलीमचाचा नमाज करून आले. आमचे चेहरे बघून थांबले. हेमंत काही सांगायला लागला, तर नाझनीनच म्हणाली, "मी सांगते अब्बूंना." बापलेक जीपच्या पलीकडे उभे राहिले. फार वेळ नाही लागला. चाचा परत आले, मळक्या कमीजची घडी घातली, सुई डबीत ठेवली, आणि माझ्याकडे न बघता जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला घरी जाऊन जेवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी आम्हाला सरीत नेलं. डबा वाजवत. ठिबकच्या नळीजवळची माती ओली होती आणि पंजे स्पष्ट उमटले होते. सगळ्यात स्पष्ट पंजा आमच्या पिवळ्या पट्टीवर होता, बरोबर मध्ये. दिवसभरात मार्कवर नेमका आलेला एकटा तोच. पण हसू आलं नाही. कारण शेजारच्या सरीत, उसाच्या एका ओळीपलीकडे, पाचट दबून गोल जागा झाली होती. कोणीतरी तिथे आरामात बसलं होतं. पिवळ्या पट्टीपासून हात लांब केला तर पोचेल इतक्यावर. नाझनीन प्रत्येक टेकच्या आधी तिथेच गप्प, वाकून बसायची. किती टेक तो शेजारी होता, ते आम्ही आपसात कधी बोललो नाही.

सिनेमा तिथेच संपला, असं आम्हाला वाटलं. हेमंतने नाझनीनला फोनच केला नाही. करायची हिंमत नव्हती. काही दिवसांनी तिचाच आला. काम पूर्ण करायचंय, म्हणाली, पण दोन गोष्टी. एक, कट म्हणायचा अधिकार तिलाही. दिग्दर्शकाइतकाच. दोन, नानांच्या डोक्यावर फडकं असेल तेव्हा शेजारी एक माणूस उभा पाहिजे, ज्याचं काम फक्त बाहेर बघणं असेल.

दोन्ही आम्ही मान्य केल्या. बाहेर बघायचं काम सलीमचाचांनी मागून घेतलं. उरलेलं शूटिंग ते माझ्या शेजारी काठी आणि डबा घेऊन उभे राहिले. दर थोड्या वेळाने फडक्यावर टिचकी मारून सांगायचे, "दिन है." किंवा, "दिन जा रहा है." याशिवाय ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

आता त्या शॉटचं. एडिटिंगला बसलो तेव्हा मी मनात जरा खूश होतो, खोटं कशाला सांगू. असा शॉट जन्मात एकदा मिळतो. नाझनीनलाही विचारलं होतं. ती म्हणाली, वापरा, मी काय उगाच घाबरले का. कॉम्प्युटरवर शॉट लावला. सगळाच्या सगळा पुसट. फोकस लाल पट्टीवर होता, आणि लाल पट्टीवर कोणीच नव्हतं. नाझनीन एक धुरकट आकृती, बिबट्या म्हणजे हिरवे डाग. वर माझा आवाज, "बस, बस."

हेमंतने खूप वेळ तो बघितला. मग चित्र काढून टाकलं. माझा आवाजही कापला. नुसता तिचा श्वास ठेवला, मागचा तो जाड श्वास, आणि शेवटी तिचं "जा म्हटलं ना." पडदा तेवढा वेळ पूर्ण काळा.

तळोद्यातल्या एका हॉलमध्ये आम्ही सिनेमा पहिल्यांदा दाखवला. आबा ट्रॅक्टर दिसल्यावर उठून उभे राहिले. पडदा काळा झाला तेव्हा मात्र हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीचा दंड धरला. मी स्वतः डोळे मिटले, पडदा काळा असूनही.

या सगळ्यातून धंद्याचा धडा एवढाच निघतो की सेटवर एकाचं तरी डोकं उजेडात पाहिजे, आणि ते माझं नसलं तरी चालतं. बसण्याआधी आपण कशावर बसतोय ते बघावं, हेही आहे.

सिनेमा सुटल्यावर सलीमचाचा दाराशी उभे होते. त्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा ते आपण होऊन माझ्याशी बोलायला आले. मी म्हटलं, "कैसी लगी, चाचा?"

"अच्छी है. पर डर एकच सीन में लगा, नानाभाई," ते म्हणाले. "जिस में तुम्हारा खींचा फोटो नहीं था."